घारपुरे सर आणि पाण्याखालची राख

माझ्या बोअरमधून निघालेली माती तोंडात घालून चाखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

रायपूरला, गुढ़ियारीत एका किराणावाल्याच्या मागच्या आवारात माझी बोरिंग गाडी लागली होती. खाली हॅमर दगड दळत होता, हवेच्या जोराने ओला भुगा भोकातून वर उडत होता आणि सारा मोहल्ला नाकाला रुमाल लावून, पाणी कधी लागते ते पाहत उभा होता. त्या गर्दीतून एक उंच, वाळका माणूस पुढे आला. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, पायात कॅनव्हासचे बूट. कोणाला काही न विचारता खाली वाकला, चिमूटभर भुगा उचलला अन् टाकला तोंडात. डोळे मिटून पुढच्या दातांनी कचकच चावला. मग बाजूला थुंकला आणि म्हणाला, "नाही. ही नाही."

मी मशीन बंद केली नाही. मशीन मी कोणासाठी बंद करत नाही. ओरडूनच म्हणालो, "ओ साहेब, ते काय पेढे हायेत का? बाजूनं नाली वाहून राहिली सगळ्या गुढ़ियारीची!"

"तरीच खारट लागली," तो म्हणाला.

मग जवळ येऊन माझ्या कानाशी ओरडला, "मी राख शोधतोय."

"कोनाची?"

"ज्वालामुखीची."

मी किराणावाल्याकडे पाहिलं. किराणावाल्याने आपल्या डोक्याशी बोट फिरवून दाखवलं. हे आमचे घारपुरे सर. कॉलेजात दगडांचा विषय शिकवून निवृत्त झालेले, ब्राह्मणपाऱ्यात एका शिंप्याच्या दुकानावर राहणारे.

मी चौथीपर्यंत शिकलो. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले, मी मशीनवर लागलो आणि पुढे स्वतःची मशीन घेतली. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढे जे काही विज्ञानाचं लिहिलं आहे ते सरांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. त्यात चूक निघाली तर ती माझ्या कानाची समजावी. त्यांची नाही.

सरांचं म्हणणं असं, की आपल्या रायपूरच्या बाजूला आज जिथे भात पिकतो तिथे एके काळी उथळ समुद्र होता. माणूस नव्हता, झाड नव्हतं, मासासुद्धा नव्हता. तेव्हा कुठेतरी एक डोंगर फुटला. त्याची राख आकाशात गेली आणि समुद्रावर पडली, तळाशी बसली, दगड झाली. तोच थर आजही जमिनीखाली आहे. कुठे बोटभर, कुठे हातभर. पण तो डोंगर कुठे होता, त्याचं तोंड कुठे होतं, हे पक्कं कोणालाच माहीत नाही. सरांना ते तोंड पाहिजे होतं. दुसरं काही नाही. ना पगार वाढणार होता, ना कोणी हार घालणार होतं.

"मंग काहून पाह्यजे?" मी एकदा विचारलं.

"अहो ढोबळे, एवढा मोठा आवाज झाला," ते म्हणाले, "कुठून झाला ते कोणीतरी पाहायला नको?"

हा माणूस कोणत्याही गोष्टीला चटकन 'हो' म्हणायचा नाही. चहा कसा झाला विचारलं तर, "अजून एक घेऊन सांगतो." पाऊस येईल का म्हटलं तर, "आल्यावर सांगतो." वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस, त्या म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारलं, तर म्हणाले पाहू. अजून पाहूनच राहिलेत." घरात जिकडेतिकडे दगड. पलंगाखाली दगड, फ्रिजवर दगड, कूलरला टेकू दगडाचा. वहिनींचा आणखी एक ठरलेला टोमणा होता: "लोकांकडे पाहुणे येतात, आमच्याकडे दगड येतात. पाहुणे निदान जातात तरी."

आणि गंमत अशी, की या माणसाने जिवंत ज्वालामुखी डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. अंदमानाकडे एका ओसाड बेटावर तसला डोंगर आहे म्हणे, तिकडे जहाज जायचं होतं, सरांचं नावही लागलं होतं. तेव्हा मुलीची बारावी आली. पुढच्या वेळी वहिनींचं ऑपरेशन आलं. त्याच्या पुढच्या वेळी सर निवृत्त झाले होते.

मी म्हणालो, "म्हंजे तुमी पाह्यलाच नाही? मंग इतके वर्सं पोट्टायले शिकवलं काय?"

"तुम्ही जमिनीखालचं पाणी पाहिलंय? वर यायच्या आधी?"

मला राग आला.

मग त्यांनी नीट समजावलं. जिवंत डोंगराचे डॉक्टर वेगळे असतात. ते डोंगराच्या अंगाला यंत्रं लावून आतली थरथर ऐकतात. आत वितळलेल्या दगडाचा रस चढला की जमीन फुगते, ती किती फुगली ते मोजतात. धुरात कोणता वायू वाढला ते तपासतात, वरून उपग्रहाने त्याचा ताप बघतात. "मी मेलेल्यांचा डॉक्टर," सर म्हणाले. "मी फक्त पोस्टमार्टम करतो. पेशंट घाईत नसतो, एवढाच फायदा."

पोस्टमार्टम कसं, ते एका सकाळी त्यांनी मला दाखवलं. आदल्या दिवशी हवा उरल्याच्या कारखान्यांकडून शहराकडे वाहत होती. सर मला त्यांच्या स्कूटरवर मागे बसवून उरल्याला घेऊन गेले. स्टीलच्या कारखान्याशेजारच्या टपरीच्या पत्र्यावरून त्यांनी बोट फिरवलं. काळी, जाड धूळ, चिमटीत रवाळ लागणारी. मग गुढ़ियारीत माझ्याच घराच्या टाकीवरून बोट फिरवलं. पातळ थर, पिठासारखा. मग ब्राह्मणपाऱ्यात वहिनींच्या गॅलरीच्या कठड्यावरून. तिथे नुसती काळसर छटा, पावडर लावल्यासारखी.

"आता समजा, तुम्हाला चिमणी दिसतच नाही," ते म्हणाले. "चिमणी पडून गेली, कारखाना गेला, माणसं गेली. फक्त छतांवरची धूळ उरली. चिमणी कुठे होती, सांगाल?"

"जिकडं जाड अन् रवाळ, तिकडं."

"झालं. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं पायपीट."

वहिनी आतून म्हणाल्या, "धूळ पाहून झाली असेल तर पुसून पण घ्या. फडकं तिथेच आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी माती ठेवू लागलो. जिथे माझी गाडी लागे तिथे रॉडगणिक, म्हणजे एकेक नळी खाली गेली की, भुगा वेगळ्या पिशवीत. त्यांना सुगावा लागायचा तो त्या भुग्यातून. पण एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवली होती. माझा हॅमर दगडाचं पीठ करतो. पिठावरून गव्हाचं पीठ आहे एवढं कळतं, दाणा केवढा होता ते कळत नाही. दाणा पाहायला थर उघडाच पाहिजे, खदानीत नाहीतर नाल्याच्या काठावर.

एकदा सिमगा गावाच्या बाजूच्या एका बोअरमधली पिशवी मी नेऊन दिली, आणि दुसऱ्या दिवशी सर स्वतः माझ्या दारात. चेहरा लाल. "ढोबळे, वरच्याच रॉडमध्ये राख आहे! एवढ्या वर! असं होऊच शकत नाही!" बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत, परत गेले. संध्याकाळी मी मुद्दाम ब्राह्मणपाऱ्यात गेलो तर सर सूक्ष्मदर्शकासमोर गालावर हात ठेवून बसले होते.

"पाहा," म्हणाले.

मी डोळा लावला. मला काय दिसणार? काळे काळे ठिपके.

"तीळ आहेत. जळलेले. आणि तो तांदूळ. ज्वालामुखीला तीळ-तांदूळ कोणी वाहिले हो?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या शेतमालकाने बोअर सुरू करण्याआधी पंडित बोलावून हवन केलं होतं, आणि पहिला रॉड गेल्यावर हवनाची सगळी राख, धरतीमातेचा प्रसाद म्हणून, भोकात लोटली होती. आमच्याकडे कितीतरी लोक असं करतात. सरांना हे मी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. वहिनींना हाक मारून म्हणाले, "अगं, तोंड सापडलं! सिमग्याच्या पंडिताचं!"

खरा थर कसा दिसतो, तेही त्यांनी मला दाखवलं होतं. त्या दगडाची कागदाएवढी पातळ चकती घासून भिंगाखाली ठेवली की आत वाकडे वाकडे बारीक तुकडे दिसतात, फुटक्या बांगडीचे असावेत तसे. तापलेल्या रसातले बुडबुडे फुटले, त्यांच्या भिंतींच्या त्या ठिकऱ्या. ते मात्र मला दिसलं. आजही डोळे मिटले की दिसतं.

आता त्या खदानीचं सांगतो. सरांचं सगळं तिथेच अडलं.

धरसींव्याच्या पलीकडे एका गावाला लागून दगडाची जुनी, बंद पडलेली खदान होती. पावसाच्या पाण्याने भरलेली. मी त्या गावात बोअर करायला गेलो होतो, सर सोबत. जेवणाच्या सुट्टीत ते काठाकाठाने चालत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. शोधायला गेलो तर खाली पाण्याच्या कडेला, दगडाच्या एका अरुंद पायरीवर भिंतीला गाल लावून उभे. जांभळ्या दगडाच्या भिंतीत पिस्त्याच्या बर्फीसारखा हिरवट पांढरा पट्टा होता. तो पाण्याच्या वर माझ्या कमरेएवढा दिसत होता, आणि तसाच सरळ पाण्यात उतरत होता.

"एवढा जाड मी कुठेच पाहिला नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि हा अजून खाली जातोय, ढोबळे. तळ पाण्यात आहे."

तळाचं महत्त्व असं. डोंगर फुटतो तेव्हा सर्वांत जड, मोठे दाणे आधी पडतात. ते थराच्या तळाशी. ते केवढे आहेत ते डोळ्यांनी पाहिलं, कोणत्या बाजूने वाहत आले ते पाहिलं, की तोंड किती दूर आणि कोणत्या दिशेला, याचा अंदाज बांधता येतो. शिवाय तळाजवळच्या त्या दाण्यांत कुठेतरी मिठाच्या कणाहून बारीक असा एक खडा मिळतो, त्याच्यावरून प्रयोगशाळेत वय निघतं. सर्व काही तळात. आणि तळ पाण्याखाली.

मी म्हणालो, "त्यात काय! मोठा पंप आनतो, दोन-तीन दिवसांत खदान कोरडी करून देतो."

आणलासुद्धा. पाइप टाकत होतो तेवढ्यात गावातल्या बाया आल्या. त्यांच्या डोक्यावर कपड्यांचे गठ्ठे, मागे म्हशी. त्यातली एक म्हातारी पुढे येऊन पाइपावर पाय ठेवून उभी राहिली.

"ए पानी ला झन निकालव बाबू। गरुवा-बछरू मन का पीहीं?"

पाणी काढू नका, गुरं-वासरं काय पितील, असं ती विचारत होती. गावाचं दुसरं तळं आटलं होतं. हीच त्यांची निस्तारी, म्हणजे आंघोळीचं, धुण्याचं, गुरांचं सगळं पाणी इथलंच. छत्तीसगढात निस्तारीच्या पाण्याला कोणी हात लावत नाही. तो कायदा कुठे लिहिला आहे मला माहीत नाही, पण आहे.

मी वाद घालायला लागलो. सरांनी माझा दंड धरला. "गुंडाळा तो पाइप."

"सर, चार दिसांची तर गोष्ट हाय!"

"त्यांचं बरोबर आहे. उन्हाळ्यात पाणी आपोआप खाली जातं. मे महिन्यात येऊ. शंभर कोटी वर्षं थांबलाय तो थर, मे महिन्यापर्यंत नाही थांबणार?"

म्हातारीला त्यांनी हात जोडले. तिने पाय काढला. मी पाइप गुंडाळला खरा. मला ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही.

होळीच्या सुमारास सर म्हणाले, पाणी किती उतरलं ते बघून येऊ. गावाच्या अलीकडूनच राखाडी धुराळा दिसला. खदानीच्या काठावर डंपरांची रांग लागली होती. कारखान्यांच्या भट्ट्यांतून निघालेली कोळशाची राख, ती टाकायला जागा पाहिजे असते, आणि जुन्या खदानी भरून काढायची परवानगी मिळते. एकेक डंपर मागे येत होता, पाठ उचलत होता, आणि राख सों करून पाण्यात जात होती. पाणी सिमेंटच्या घोळासारखं झालं होतं आणि वर चढत होतं. तो हिरवट पट्टा हातभर उरला होता.

डंपरांच्या खेपा वहीत लिहिणाऱ्या मुन्शीकडे सर गेले. शांतपणे त्याला सगळं सांगितलं. मुन्शी वाईट माणूस नव्हता, ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, आप ही बोल रहे हो नीचे राख है. हम भी राख ही डाल रहे हैं. फरक क्या पड़ेगा?"

मी एका डंपरसमोर जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडून त्याची कॉलर धरली. सर धावत आले. "त्याला कशाला? त्याची खेप आहे ती. सोडा."

ती पाइपावर पाय ठेवणारी म्हातारी काठाशी उभी होती. मी तिला विचारलं, "आता गरुवा काय पिईल, दाई?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नल लगही कहिथें, बाबू।" नळ लावून देऊ, असं तिला सांगितलं होतं. मग ती गेली.

सर सरकारी दफ्तरांत फिरले. मी सोबत असायचो, कारण तिथले उंच जिने त्यांना एकट्याने चढवेनात. एका साहेबाने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं मन लावून ऐकलं.

"ज्वालामुखी? अपने रायपुर में? फटेगा क्या, सर?"

"नहीं नहीं. वो तो कब का मर चुका."

साहेबाने हातातला कप खाली ठेवला. मग अगदी मनापासून म्हणाला, "तो फिर बचाना क्या है?"

सरांनी चहा संपवला आणि अर्ज पुढे सरकवला. कोणी हाकलून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी भांडलो असतो. पण सगळे चांगलं बोलत होते, अर्ज ठेवून घेत होते, आणि तिकडे डंपर चालूच होते. वैशाख लागायच्या आत खदान काठोकाठ भरली.

मी जिद्दी माणूस आहे. खदानीच्या काठाला लागून ज्याचं शेत होतं त्या शेतकऱ्याला म्हणालो, तुला बोअर करून देतो, फक्त जागा मी सांगेन ती. सरांना गाडीत घालून नेलं, सावलीत खुर्चीवर बसवलं आणि हॅमर सोडला. बराच खाली गेल्यावर भुग्याचा रंग बदलला, हिरवट पांढरा यायला लागला. रॉडवर रॉड घालत गेलो तरी तोच रंग. थर तिथे होता, आणि खदानीत दिसला होता त्याहूनही जाड होता. मी ओंजळभर नेऊन त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी भिंग लावलं. ओंजळीत बोट फिरवत राहिले.

"पीठ आहे, ढोबळे."

"मशीन हळू चालवतो. एकदम हळू."

"हळू दळलं तरी पीठच," ते म्हणाले, आणि माझ्या हाताखाली आपला हात धरून सगळं जमिनीवर पडू दिलं. अखंड दगडाची कांडी काढणारी वेगळी मशीन असते. ती मोठ्या कंपन्यांकडे, सरकारी खात्यांकडे. त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारलं. कोणी नाही म्हटलं नाही. कोणी आलंही नाही.

शेतकऱ्याला पाणी चांगलं लागलं.

त्यानंतर सर माझ्या बोअरवर आले नाहीत. पिशव्या नेऊन दिल्या तर म्हणायचे, "ठेवा तिथे." पुढच्या वेळी गेलं तर गाठ तशीच.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला. मुलगी दोघांना हैदराबादला न्यायला आली होती, कायमचं. "एकदा तिकडे जायचं म्हणतात. तुम्ही न्याल का? मीही येते."

खदानीच्या जागी सपाट मैदान होतं. वर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. चुन्याच्या रेषांनी चौकोन पाडलेले, कोपऱ्यात पताका, एक मोठा बोर्ड. सर वहिनींचा हात धरून उतरले आणि त्या चौकोनांमधून चालत गेले. थर कुठे होता ते मी दाखवायला निघालो, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. चौकीदार खुर्ची सोडून पळत आला.

"प्लॉट देखने आए हैं, अंकल?"

मी काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "हाँ."

"ये कॉर्नर वाला देखिए. सामने मंदिर बनेगा, उधर गार्डन."

"नीचे क्या है?"

"नीचे?" चौकीदाराने टाच आपटून दाखवली. "नीचे कुछ नहीं है, अंकल. एकदम ठोस."

सरांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या, मी दुसरीकडे पाहत होतो. चौकीदाराने एक रंगीत कागद काढून दिला. त्यावर कॉलनीचा नकाशा होता.

परतताना सर मागच्या सीटवर बसले. आरशात मला दिसत होतं. त्यांनी तो कागद मांडीवर उलगडला, खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. थर कुठून जात होता त्याची रेघ ओढायची असावी, तसे पेन कागदावर धरून बसले. रस्त्यावर खड्डे होते. त्यांचा हात हलू नये म्हणून मी गाडी अगदी हळू घेतली. रायपूर आलं, उड्डाणपूल गेला, ब्राह्मणपाऱ्याचं वळण आलं. तिथे त्यांनी टोपण लावलं आणि कागद घडी करून वहिनींकडे दिला.

सर उतरून जिन्याकडे गेल्यावर वहिनींनी गाडीपाशीच कागद उघडून पाहिला. मीही मान वाकडी करून पाहिलं. त्यावर काहीच काढलेलं नव्हतं.